नाव घातलेली चिठ्ठी

‘लंकाबाईच्या हातची खिचडी खाल्ली तर एड्स होतो का?’

मित्रांनो, ही चिठ्ठी माझ्या पोटात पडली तो शुक्रवार होता. वहीचा कागद, चार घड्या, टपोरं आणि सरळ अक्षर. विचारणारीला उत्तर नको होतं, कारण उत्तर तिला पाठ होतं. मैत्रिणींनी पैज लावली होती आणि तिला हरायचं नव्हतं, एवढंच. तरी ती चिठ्ठी मी गिळली. मला तोंड आहे ते फक्त गिळायला, परत थुंकायला नाही.

मी पाथर्डीच्या डोंगरकडेला असलेल्या बोरदरी गावच्या शाळेची प्रश्नपेटी. माझं वय फार नाही, पण एवढ्यात इतकं पोळले आहे की तुम्ही मला जुनी म्हटलंत तरी मी रागावणार नाही.

जन्मले मी तेलाचा डबा म्हणून. शाळेतल्या खिचडीच्या फोडण्या देता देता माझं तेल संपलं आणि मी भंगारात जाणार होते. पण शाळेची स्वयंपाकीण लंकाबाई हिनं मला राखेनं घासलं, गरम पाण्यानं दोनदा खळबळून काढलं आणि उन्हात पालथं घातलं. विज्ञान शिकवणाऱ्या मोनिका मॅडमना एक पेटी हवी होती, हे तिच्या कानावर आलं होतं. “नवी कशाला घ्यायची मॅडम, हा डबा काय वाईट हाय?” असं म्हणून तिनं मला त्यांच्या हातात दिलं. मग पत्रेवाल्यानं माझ्या डोक्यावर फट पाडली, पाठीला दार बसवलं, दाराला कुलूप आलं. आठवीच्या मुलींनी मला निळा रंग दिला. रंगाचा वास चार दिवस गेला नाही, आणि खरं सांगते, त्या चार दिवसांइतका ताठा मला पुन्हा कधी आला नाही.

मॅडमनी मला आधी ऑफिसच्या दाराशी टांगलं. महिनाभर माझ्या पोटात काही पडलं नाही. एकदा बिस्किटाच्या पुड्याचा कागद पडला, तेवढाच. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांदेखत मनातलं कोण विचारणार? मग मॅडमनी मला पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर हलवलं, कारण तिथं सगळेच जातात, कुणी का गेलं हे कुणी पाहत नाही. आणि नियम केले. आठवड्यातून एकदा प्रत्येकानं चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे चिठ्ठी टाकणाऱ्याकडं कुणी टकामका बघणार नाही. अक्षर ओळखेल अशी भीती वाटली तर डाव्या हातानं लिहायचं. नाव घालायचं नाही, आपलं नाही आणि दुसऱ्याचं तर मुळीच नाही.

दर शनिवारी मॅडम मला उघडायच्या, चिठ्ठ्या आधी एकट्याच वाचायच्या आणि मग वर्गात उत्तरं द्यायच्या. त्यानंतर मात्र माझं पोट कधी रिकामं राहिलं नाही. ‘तोंडावर पुटकुळ्या आल्यात, हळद लावू का टूथपेस्ट?’ ‘माझा आवाज फाटलाय, जुना परत येईल का?’ ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर नासतं म्हणतात. मी लावला, नासलं नाही. आईला सांगू का नको?’ हसू नका. ज्याचा प्रश्न असतो त्याला तो रात्रंदिवस टोचत असतो.

एक चिठ्ठी अशी होती: ‘घरात कुणी नसलं की भाऊजी अंगाला हात लावतात.’ ती मॅडमनी कुणाला वाचून दाखवली नाही. त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गाला ‘नाही’ म्हणायला शिकवलं. हळू आवाजात ‘नाही’, मोठ्या आवाजात ‘नाही’, मागं सरकत ‘नाही’, डोळ्यांत बघत ‘नाही’. आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लिहिला, तो वर्षभर कुणाला पुसू दिला नाही.

एचआयव्हीचे प्रश्नही खूप यायचे. ‘शरीरसंबंध’ हा शब्द निघाला की पोरं बाकाखाली तोंड खुपसायची. मॅडम तो शब्द तीनदा म्हणायच्या, आणि तिसऱ्यांदा कुणी हसायचं नाही. त्या सांगायच्या, एचआयव्ही हा विषाणू आहे. तो असुरक्षित शरीरसंबंधातून येतो, बाधित रक्तातून येतो, दुसऱ्यानं वापरलेल्या सुईतून येतो, आणि उपचार घेतले नाहीत तर आईकडून बाळाला येऊ शकतो. जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांचे हात गोंदतात, तिथं हात पुढं करू नका. पण एका ताटात जेवून, एका माठातलं पाणी पिऊन, शेजारी बसून, डास चावून तो येत नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या तर माणूस कामाला जातो, लेकरं वाढवतो, म्हातारा होतो. मॅडमनी फळ्यावर लाल फीत काढून दाखवली होती. ‘ही खूण दिसली तर घाबरू नका, तिथं मदत मिळते,’ असं त्या म्हणाल्या होत्या. त्या खुणेनंच पुढं घात केला.

दुसऱ्या शाळांचे शिक्षक मला बघायला यायचे, माझे फोटो काढायचे. मी टाकीशेजारी दिमाखात लटकायचे. कौतुक झालं की पत्र्यालाही ऊब चढते.

आता ज्या मुलीनं ती चिठ्ठी टाकली तिच्याबद्दल. सुकन्या आठवीत. वर्षभरापूर्वी ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा अडखळायची. मग भाषणाच्या स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि जणू बूच उडालं. माइक दिसला की हिचे पाय तिकडं वळायचे. मला ती फार आवडायची.

तिची मैत्रीण पूजा आजीला घेऊन नगरच्या दवाखान्यात गेली होती. तिथं एका दारावर लाल फीत रंगवलेली होती आणि दाराबाहेरच्या रांगेत लंकाबाई उभी होती. पूजानं बघितलं ते एवढंच. रांगेत सोबत आलेली माणसं असतात, नुसती चौकशी करणारी असतात, पण पाण्याच्या टाकीपाशी येईपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले होते.

“तीच फीत होती, मॅडमनी काढलेली,” पूजा म्हणाली. “खाली लंकामावशी. मला बघितलं अन् पदर घेतला तोंडावर.”

“मग मॅडमला विचार की,” दुसरी एक म्हणाली.

“मी न्हाई बाई. सुकन्या विचारील. ती आता भाषणवाली झालीये.”

“विचारीन. त्यात काय एवढं?” सुकन्या म्हणाली.

“नाव घालून. ‘एक बाई’ असलं चालायचं न्हाई,” पूजानं अट घातली.

“घालीन.”

“अन् उजव्या हातानं. बघू दम.”

सुकन्यानं पेनाचं टोपण दातानं ओढलं, पूजाच्या पाठीवर कागद ठेवला आणि एका झटक्यात लिहून टाकलं. पोरी तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसल्या. तिलाही हसू आलं. उद्या मॅडम एकट्याच चिठ्ठ्या वाचतील, फार तर रागावतील, असंच तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी मॅडम प्रशिक्षणाला पाथर्डीला गेल्या. किल्ली त्यांनी वाल्मिक सरांकडं दिली, चिठ्ठ्या तेवढ्या काढून कपाटात ठेवा म्हणून. वाल्मिक सर माणूस भला, पण त्यांना उपक्रमाचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा होता. त्यांनी परिपाठाला सगळी शाळा मैदानात बसवली, मला टेबलावर ठेवलं आणि माइकसमोर चिठ्ठ्या उघडायला सुरुवात केली. दोन कोऱ्या निघाल्या. तिसरीत मुरुमांचा प्रश्न निघाला, सगळे हसले. चौथी सुकन्याची.

“लंकाबाईच्या हातची खिचडी,” इथपर्यंत सर हसऱ्या आवाजात वाचत गेले. त्यांना वाटलं, पोरांनी खिचडीचं कौतुक केलंय. पुढचे शब्द त्यांच्या डोळ्यांआधी तोंडातून गेले आणि कर्ण्यातून गावात गेले.

लंकाबाई खिचडीच्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिचं सूप थांबलं. तिनं एकदा सगळ्या मैदानावरून नजर फिरवली. सूप उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मित्रांनो, तुम्ही कधी पेटीला रडताना बघितलंय? नसेल बघितलं. आतल्या आत गंजणं एवढंच आमच्या हातात असतं.

सोमवारी एकशे बारा ताटांपैकी नऊ ताटं भरली. बाकीच्यांच्या दप्तरात घरचे डबे होते. त्या नऊ जणांतल्या दोघांना त्यांच्या आया भर वर्गातून ओढून घेऊन गेल्या. लंकाबाईनं मात्र नेहमीएवढीच खिचडी शिजवली होती, कारण कमी शिजव असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी ती पातेलं घेऊन उभी राहिली आणि शेवटी सगळी खिचडी म्हशींच्या घमेल्यात ओतली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

बुधवारी पालकांची समिती मैदानात जमली; मी पुन्हा टाकीजवळच्या खिळ्यावर होते. कानिफनाथ समितीचे अध्यक्ष. ते शांतपणेच बोलले. “आमी काय म्हनत न्हाई, बाई वाईट हाय. लई वर्सं राबली. पन लेकरांचा सवाल हाय. तपासनीचा कागद दाखवा, न्हाईतर बाई बदला.”

लोक गेल्यावर मुख्याध्यापक प्रशिक्षणाहून परतलेल्या मॅडमना म्हणाले, “काही नाही तिला, एवढं सांगून टाका. विषय मिटेल.”

“मला माहीत नाही, सर. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. “आज कागद दाखवून खिचडी खायला लावली, तर उद्या ज्याच्याकडं तसा कागद नसेल त्यानं कुठं जायचं? कायद्यानंसुद्धा तो मागता येत नाही.”

“कायदा मला कळतो हो. पण पोरं जेवत नाहीत, त्याचं काय करू?” आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. “ही पेटी काढा आधी तिथून. हिच्यामुळं झालं सगळं.”

त्यांनी स्वतःच मला खिळ्यावरून उपटलं आणि खिचडीच्या खोलीत गोण्यांवर फेकून दिलं. माझा एक कोपरा चेपला. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या बाईची अब्रू माझ्या पोटातून बाहेर पडली, तिच्याच समोर मी आता येऊन पडले होते, आणि तिनं मला उचलून फळीवर सरळ ठेवलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खरं संकट पुढंच होतं. आमच्या गावातली निम्मी घरं, त्यात सुकन्याचंही, दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, पार सांगली-कोल्हापूरकडं. सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे वाळल्या पाल्याच्या झोपडीत, राहायचं. मागं राहणाऱ्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीआजोबांकडं. तिथलं जेवणही लंकाबाईच रांधते. यंदा यादी कोरी होती. लेकरं सोबत नेऊ, पण त्या बाईच्या हातचं नको, असं घराघरांत ठरलं होतं. नावं आली नाहीत तर वसतिगृह सुरू होणार नव्हतं. आणि फडावर नेलेल्या मोठ्या मुली परत शाळेत येत नाहीत. गेल्या साली राजनंदिनी गेली, ती चैत्रात गळ्यात मंगळसूत्र घालून आली. तिची वही अजून मॅडमच्या कपाटात आहे.

गुरुवारी सकाळी सुकन्या खिचडीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हिचा आवाज मी सगळ्या शाळेवर घुमताना ऐकला होता. आता तो मला फळीवर जेमतेम ऐकू येत होता.

“मावशी, ती चिठ्ठी माझी होती.”

“ठावं हाय,” लंकाबाई म्हणाली. कांदा चिरायचं तिनं थांबवलं नाही. “त्या दिशी समदी लेकरं माझ्याकडं बघत हुती. तू एकलीच खाली बघत हुतीस.”

“मॅडमना पण माहीत आहे. अक्षर ओळखलं त्यांनी. पण रागावल्या नाहीत.”

“मग मी तरी कशापायी रागवू? तुझं खेळायचं वय.”

“मी खेळले नाही, मावशी. मी तुमचं नाव लिहिलं.”

लंकाबाईची सुरी थांबली. “लिव्हलंस खरं. चौदा वर्सं मला या शाळेत समदे मावशी म्हनत हुते. आता नावानं वळखत्यात.”

तिनं पुढचा कांदा सुरीखाली घेतला. मग सुकन्यानं विचारलं, “आई आली होती ना तुमच्याकडं?”

“आलती. पोरगी ठिवू का न्यू, असं इचारलं. मी म्हनलं, घिऊन जा.”

“का म्हणालात असं? मला नाही जायचं.”

“मग काय म्हनू? ठिव म्हनू? उद्या तुला साधं पडसं झालं तरी माझ्या नावानं खडे फोडतील. अन् शनवारपास्नं मला न्हाई यायचं. दुसरी बाई बघतोय म्हनले मोठे सर.” तिनं पदरानं चेहरा पुसला. कांद्यामुळं की कशामुळं, ते मला कळलं नाही. “कागद मात्र मी देनार न्हाई. असला तरी न्हाई, नसला तरी न्हाई. माझं रगत हाय, गावाचा फलक न्हाई.”

सुकन्या भिंतीला टेकून खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. आवाज न करता. मोठं बोलायला शिकल्यावर माणूस लहान रडायला विसरतो असं मला वाटायचं, ते खोटं ठरलं. लंकाबाई तिच्याजवळ गेली नाही. कांदा चिरून झाला, मग तिनं डाळ धुतली. पहिली घंटा झाली तेव्हा एवढंच म्हणाली, “तोंड धू. वर्गात जा.”

त्या दुपारी सुकन्या ताट घेऊन आली. सगळी मुलं आपापल्या डब्यांवरून मान वर करून बघत होती. ती एकटी खिचडीच्या खोलीच्या पायरीवर बसून जेवली. पूजा तिच्यापासून चार हातांवर उभी राहिली, जवळ आली नाही, लांबही गेली नाही. तुम्हाला वाटेल, ते बघून सगळी शाळा ताटं घेऊन धावली. नाही धावली. त्या दिवशीही पातेलं म्हशींसमोरच रिकामं झालं.

तुम्ही आता विचाराल, मग लंकाबाईला खरंच काही होतं का? मी तिच्या खोलीतल्या फळीवर होते, मला तिच्या पिशवीत काय असतं ते दिसत होतं. पण मी सांगणार नाही. होतं म्हटलं तर तुम्ही हळहळाल, नव्हतं म्हटलं तर तुम्हाला हायसं वाटेल, आणि दोन्ही वेळा तुम्ही तेच कराल जे बोरदरीनं केलं. मी आयुष्यात शेकडो गुपितं सांभाळली, एक सांडलं. दुसरं सांडू देणार नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला नवा रंग नको. तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी असेल तर तिचं कुलूप नीट ठेवा आणि किल्ली ज्याच्या हातात द्यायची तो माणूस नीट बघा. प्रश्न विचारा, हवे तेवढे विचारा, लाजरे, वेडे, घाणेरडे वाटणारेसुद्धा. न विचारलेल्या प्रश्नांनी पोरी-पोरांचं वाटोळं होतं. पण प्रश्नात माणूस घालू नका. माणसाचं नाव एकदा घडी उलगडून बाहेर आलं की ते पुन्हा घडीत जात नाही. आणि जे उत्तर तुम्हाला पाठ आहे, ते परीक्षेत लिहून थांबू नका. ज्याच्यासाठी ते शिकलात तो माणूस तुमच्या समोर तांदूळ निवडत असतो.

शुक्रवारी ऊसतोडीची टोळी निघाली. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शाळेच्या फाटकाशी उभा होता. त्यात गोण्या, भांडी, शेळ्या, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. जेवणाची सुट्टी होती. सुकन्या कालच्याच पायरीवर ताट घेऊन बसलेली. तिचे वडील आसाराम आणि आई छबूबाई फाटकातून आत आले.

“चल गं,” आसाराम म्हणाला. “मुकादम शिव्या घालायलाय.”

सुकन्या उठली नाही.

“ताट ठिव खाली,” छबूबाई म्हणाली. “ठिव म्हनते ना. लोक बघायलेत.”

“बघू दे.”

“लई शानी झाली का गं तू? दोन भाषनं काय केली.” आसारामनं तिचा दंड धरला, पण ओढला नाही. आत लंकाबाई चुलीकडं तोंड करून उभी होती. तिची पाठ मला दिसत होती. पाठ हलत नव्हती.

“सोड तिला,” लंकाबाई वळली नाही, तशीच बोलली. “सुकन्या, आईबापाचं ऐक. जा.”

ट्रॅक्टरचा हॉर्न लांबलचक वाजला. छबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लेकीच्या ताटाकडं बघत होती, त्यात अर्धी खिचडी उरली होती. सुकन्यानं ती खिचडी दोन घासांत संपवली, ताट बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. आवाज थरथरला नाही.

“अण्णा, आई, मी येणार नाही. वसतिगृहाच्या यादीत पहिलं नाव मी माझं लिहिलंय आणि सहीची जागा तुमच्यासाठी सोडलीये. मी आजीजवळ झोपणार, लंकामावशीच्या हातचं दोन्ही वेळा जेवणार आणि आठवीची परीक्षा इथंच देणार. सही करायची असेल तर मोठे सर आत बसलेत. नसेल करायची तर मला उचलून ट्रॉलीत टाकावं लागेल, आणि मग सांगलीहून रस्ता विचारत विचारत मी चालत परत येईन.”